‘ग्रेप्स आर रनिंग स्मॉल’ म्हणजे काय? ‘रन’चे अर्थ ओळखायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारा तरुण लिहितो: ‘मला रोज परदेशी खरेदीदारांच्या ईमेल वाचाव्या लागतात. रन म्हणजे धावणे, एवढं शाळेपासून पाठ आहे. पण गेल्या आठवड्यात चार वाक्यं आली. वुई आर रनिंग लो ऑन पनेट्स. द रीफर इज रनिंग वॉर्म. द ऑफर रन्स टिल फ्रायडे. द ग्रेप्स आर रनिंग स्मॉल धिस वीक. एकाचाही अर्थ लागत नाही. डिक्शनरी उघडली तर रनखाली दोन पानं भरून अर्थ. एका शब्दाला इतके अर्थ असतात तरी का, आणि हे सगळे पाठ करायला किती दिवस लागतील?’

मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं भाषांतराचं काम करते आहे. सकाळी कोर्टाची कागदपत्रं, दुपारी सातपूर-अंबडच्या कारखान्यांची मॅन्युअल्स आणि संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग. तुमचा प्रश्न वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (इतर वाचकांसाठी: पनेट म्हणजे द्राक्षं भरायचा छोटा डबा, आणि रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर.)

आधी तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल. पाठ करायला बसू नका, ते होणारच नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत आली, तेव्हा सर्वांत जास्त अर्थांचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘रन’ने त्याला मागे टाकलं. क्रियापद म्हणूनच ६४५ अर्थ नोंदवले गेले. ही एक नोंद लावायला पीटर गिलिव्हर या संपादकांचे सुमारे नऊ महिने गेले. ज्यांचा जन्म इंग्रजीत गेला, त्यांनाही हे अर्थ पाठ नसतात. तरी त्यांचं अडत नाही. का अडत नाही, तेच समजून घ्यायचं आहे.

त्यासाठी तुमचाच प्रश्न पुन्हा वाचा. ईमेल ‘वाचाव्या लागतात’. अर्थ ‘लागत नाही’. किती दिवस ‘लागतील’. चार ओळींत तुम्ही ‘लागणे’ तीनदा वापरलंत, तिन्ही वेळा निराळ्या अर्थाने, आणि तुम्हाला कुठेही थांबून विचार करावा लागला नाही. (हा बघा, चौथा वापर.) भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. मुलाला नोकरी लागते, मुलीचं लग्न लागतं, बोअरला पाणी लागतं. एसटीत बसलं की कुणाला गाडी लागते. दूध लक्ष न दिल्याने खाली लागतं आणि दही रात्रभरात लागतं. गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक एकमेकांना विचारतं, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?’ कुणी म्हणतं कमरेला, कुणी म्हणतं छातीला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, १८३१ मध्ये निघालेला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापलेला तो कोश, ‘लागणें’ची नोंद वाचताना साहेबाला मराठी शिकताना काय कष्ट पडले असतील ते दिसतं. आपल्याला ते कष्ट पडले नाहीत, कारण आपण ‘लागणे’ एकटं कधी शिकलोच नाही. ‘भूक लागली’ शिकलो, ‘ठेच लागली’ शिकलो. शब्द त्याच्या शेजाऱ्यासकट कानावर आला.

‘रन’चंही तसंच आहे. तुम्ही त्याला शेजाऱ्यांपासून तोडून एकटा उभा केलात आणि त्याच्याकडे अर्थ मागितलात.

तरीही इतके अर्थ आले कुठून, हे कळलं तर हा शब्द परका वाटत नाही. आज आपण जो ‘रन’ वापरतो तो जुन्या इंग्रजीतली दोन क्रियापदं एकमेकांत मिसळून झालेला आहे. एक ‘रिन्नन’, म्हणजे स्वतः धावणं, वाहणं. जर्मनमध्ये आजही त्याचा भाऊ ‘रिनन’ आहे आणि त्याचा अर्थ झिरपणं, ओघळणं असा आहे. दुसरं त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला धावायला लावणं, घोडा दौडवणं. काळाच्या ओघात दोघांचे उच्चार एक झाले आणि दोन घरांची मालमत्ता एका नावावर चढली.

मराठीत हे होत नाही, कारण आपला ‘व’ मध्ये उभा असतो. चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे, फिरणे आणि फिरवणे. कोण करतंय आणि कोण करवून घेतंय, हे एका अक्षरात कळतं. इंग्रजीनेही अशा जोड्या काही ठिकाणी सांभाळल्या आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे मुळात त्याचंच प्रयोजक, म्हणजे बसवणे. म्हणूनच अंगठीत खडा ‘सेट’ करतात आणि मोडलेलं हाडही ‘सेट’ करतात, अगदी आपण बसवतो तसंच. ही जोडी कळल्यावर ‘सेट’चे निम्मे अर्थ आपोआप उलगडतात. ‘रन’मध्ये मात्र दोन्ही रूपं एकच झाल्याने तो ‘व’ तुम्हाला मनात घालावा लागतो.

म्हणून ‘रन’ दिसला की पहिली गोष्ट बघा: त्याच्या पुढे कर्म आहे का? ‘द बस रन्स’ म्हणजे बस चालते, धावते. ‘शी रन्स अ मेस’ म्हणजे ती खानावळ चालवते. ‘रन द मशीन’, ‘रन द प्रोग्रॅम’, ‘रन अ टेस्ट’, ‘रन अ कॉलेज’ या सगळ्यांत कर्म आहे, सगळ्यांत ‘चालवणे’ किंवा त्याच्या जवळचं काहीतरी आहे. डिक्शनरीतल्या त्या दोन पानांचा मोठा भाग एवढ्यातच मोकळा होतो. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, मग संगणक आले. प्रत्येक नवी गोष्ट ‘चालू’ आणि ‘चालवू’ लागली आणि ‘रन’चे अर्थ वाढत गेले.

कर्म नसेल तर बघा, धावतंय कोण? माणूस-जनावर असेल तर धावणं. पाणी असेल तर वाहणं. नळ, नाक, डोळे, मेण, शाई, सगळं ‘रन’ होतं, कारण ‘रिन्नन’मध्ये वाहणं पहिल्यापासून होतं. कपड्याचा रंग ‘रन’ होतो, आपण म्हणतो रंग जातो, किंवा एकाचा दुसऱ्याला लागला. रस्ता, भिंत, कालवा असं लांबलचक आणि स्थिर काही असेल तर जाणं. ‘द रोड रन्स टू त्र्यंबक’ आणि ‘हा रस्ता त्र्यंबकला जातो’. रस्ता जागचा हलत नाही, पण दोन्ही भाषांनी त्याला चालायला लावलंय. इथे तर भाषांतरही करावं लागत नाही.

यातलं एक वाहणं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते मनात घर करून आहे. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत कामगारांसाठीच्या सूचना मराठीत करायच्या होत्या. इंग्रजी मजकुरात जागोजागी ‘फ्री रन’ होतं. मी म्हटलं, आधी बघू द्या. हंगाम चालू होता, द्राक्षाच्या वासाने शेड भरून गेली होती. एका कामगाराने टाकीच्या तळाशी असलेला व्हॉल्व्ह थोडा उघडला. वरून कुणी काही दाबत नव्हतं. फुटलेल्या द्राक्षांच्या स्वतःच्याच वजनाने रस खाली येत होता, आधी थेंब, मग बोटाएवढी सलग धार, पांढरट हिरवी. तो कामगार म्हणाला, ‘हा पहिला रस, मॅडम. हा हलका असतो. मग उरलेला चोथा प्रेसमध्ये जातो, त्याचा रस वेगळा ठेवायचा.’ दाबून काढलेल्या रसात सालीचा आणि बियांचा तुरटपणा जास्त उतरतो, म्हणून दोन्ही रस वेगळे ठेवतात. मी वहीत लिहिलं, ‘निथळलेला रस’ आणि ‘दाबलेला रस’. ‘मुक्त धाव’, ‘मुक्त प्रवाह’ असं काही लिहिलं असतं तर शब्द जुळले असते, पण त्या माणसाच्या हातातलं काम त्यात दिसलं नसतं. निथळणं हा आपल्या स्वयंपाकघरातला शब्द. धुतलेली भाजी निथळते, केस निथळतात. कुणी दाबत नाही, आपोआप खाली येतं. ‘फ्री रन’ म्हणजे नेमकं तेच.

आता वेळेचं ‘रन’. तुमच्या चारांपैकी एक वाक्य याच जातीचं आहे, आणि याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण इथे चूक झाली तर माणसं पोळतात.

काही वर्षांपूर्वी एक बाई कोर्टाच्या निकालाची प्रत आणि कुणाकडून तरी करून घेतलेलं मराठी भाषांतर घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या भावाला दोन गुन्ह्यांत शिक्षा झाली होती, एकात तीन वर्षं, दुसऱ्यात दोन. निकालात शेवटी लिहिलेलं होतं, ‘द सेन्टेन्सेस शॅल रन कन्करन्टली.’ भाषांतरात होतं, ‘शिक्षा एकत्रितपणे चालतील.’ बाईंनी ‘एकत्रित’ म्हणजे बेरीज असं धरलं होतं. तीन आणि दोन पाच. घरी आईलाही तेच सांगितलं होतं. खरा अर्थ असा, की दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या. दोन वर्षं तीन वर्षांच्या पोटातच संपतात, एकूण तीनच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१ मध्ये नेमका हाच फरक होता: एकाच खटल्यात अनेक गुन्ह्यांसाठी दिलेल्या कैदेच्या शिक्षा एकामागून एक भोगायच्या, न्यायालयाने त्या एकाच वेळी भोगण्याचा आदेश दिला नसेल तर. म्हणजे त्या एका शब्दावर दोन वर्षं टांगलेली होती. मी त्यांना कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या, एक लांब, तिच्याखाली तिथूनच सुरू होणारी आखूड. बाई बराच वेळ त्या रेघांकडे बघत बसल्या, मग कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आईला दाखवायचा होता.

तेव्हापासून मी ‘शिक्षा चालतील’ असं लिहीत नाही. ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत’ असं लिहिते. कर्ता बदलतो, क्रियापद बदलतं, पण वाचणाऱ्याला कळतं.

मुदतीचंही असंच. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ९ चा गाभा असा, की काळ एकदा ‘रन’ होऊ लागला की दावा लावण्याच्या बाबतीत नंतर उद्भवलेली असमर्थता त्याला थांबवत नाही. इथे ‘काळ धावू लागला’ असं लिहिलं तर वाक्य सुंदर दिसेल आणि पक्षकार फसेल. ‘मुदत मोजायला सुरुवात झाली’ असं लिहावं. भाडेकरार, विमा, वॉरंटी, ऑफर, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे ते सगळं इंग्रजीत ‘रन’ होतं. मराठीत ते ‘लागू असतं’, ‘चालू असतं’, किंवा नुसतं ‘अमुक तारखेपर्यंत असतं’.

कारखान्यातलं माझं एक भाषांतर मी अजून विसरलेले नाही. कामाची सुरुवात होती. नव्या डिझेल इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये होतं, ‘रन इन द एंजिन फॉर फिफ्टी अवर्स’. मी लिहिलं, ‘इंजिन ५० तास चालवा’. कर्म होतं, म्हणून चालवणे. नियम बरोबर, पण ‘रन’ला चिकटलेलं ‘इन’ मी सोडून दिलं. ऑपरेटरने इंजिन पहिल्या दिवसापासून पूर्ण लोडवर चालवलं. छपाईपूर्वीची ती चाचणी प्रत होती म्हणून एकाच इंजिनावर निभावलं. फोरमननी मला बोलावून शांतपणे समजावलं: नव्या इंजिनात रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांत बसायची असते, म्हणून सुरुवातीला हलक्या लोडवर, वेग कमी-जास्त करत चालवायचं. ‘मॅडम, रन इन म्हणजे नुसतं चालवायचं नाही, रुळवायचं.’ रुळवणे. नवी सून घरात रुळते, नवा चप्पल-जोड पायात रुळतो, तसं इंजिन. तो शब्द त्यांनी दिला आणि मी आजही तोच वापरते.

तर शेपटीला लागलेले हे छोटे शब्द सोडू नका. त्यांच्यासाठी मात्र नियम शोधण्यात वेळ घालवू नका, ती जोडी एक शब्द म्हणूनच घ्या. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, किंवा अडचणीत सापडणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणे, आणि मीटिंगच्या बाबतीत वेळेपेक्षा लांबणे. अशा वीसेक जोड्या कामापुरत्या पुष्कळ झाल्या.

काही ठिकाणी मराठी आणि इंग्रजी सरळ उलट दिशेला तोंड करून उभ्या असतात, तेही माहीत असू द्या. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. आपल्याकडे तो उभा राहतो. आणि गंमत नव्हे, खरंच, ब्रिटिश इंग्रजीतही तो ‘स्टँड’च करतो, म्हणजे उभाच राहतो.

नाम म्हणून ‘रन’ आला की क्रिकेट आठवतं, आणि त्याला आपण ‘धाव’ म्हणतो. पण ‘धाव’ हा शब्द क्रिकेटच्या आधीपासून आपल्या शेतात होता. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतारावरून खालीवर करत, ती जागा म्हणजेही धाव. तुमच्या आजोबांना विचारा, ते ओळखतील. इंग्रजीतही कोंबड्यांना फिरायला जाळी लावून ठेवलेली जागा म्हणजे ‘चिकन रन’. धावण्यावरून धावण्याच्या जागेचं नाव पडणं ही दोन्ही भाषांची सारखीच रीत आहे.

आता तुमची चार वाक्यं.

‘द ऑफर रन्स टिल फ्रायडे’ वर आलंच. हा दर शुक्रवारपर्यंत आहे. शुक्रवारनंतर त्याच दरावर माल मागितला तर खरेदीदार नाही म्हणू शकतो, म्हणून ही तारीख तुमच्या साहेबांना त्याच दिवशी कळवायला हवी.

उरलेली तीन एकाच घरातली आहेत. तिन्हींमध्ये ‘रन’च्या पुढे विशेषण आहे: लो, वॉर्म, स्मॉल. या घरात ‘रन’ जवळजवळ ‘असणे’ किंवा ‘होत जाणे’ एवढाच उरतो, आणि वाक्याचा सगळा भार विशेषणावर पडतो. विहीर ‘रन्स ड्राय’, म्हणजे आटते. गाडी ‘रन्स लेट’, म्हणजे उशिराने येते आहे. फक्त ‘आहे’ म्हटल्याने जे येत नाही ते ‘रन’ आणतो: हे एका क्षणाचं नाही, सध्या असं चाललंय.

‘रनिंग लो ऑन पनेट्स’: पनेट कमी पडत आलेत. संपलेले नाहीत, ‘रन आउट’ झालेले नाहीत, पण संपतील. ‘द रीफर इज रनिंग वॉर्म’: कंटेनरचं तापमान ठरवल्यापेक्षा चढं राहतंय. द्राक्ष शून्याच्या आसपास जायला हवं, तेव्हा ही ईमेल वाचल्या वाचल्या फोन उचलायची आहे. इथे ‘रीफर गरम चालतोय’ असं शब्दशः लावलं तर मशीन तापलंय असं वाटेल आणि तुम्ही मेकॅनिक शोधत बसाल, माल तिकडे मऊ पडेल.

एक वही करा. डाव्या पानावर पूर्ण वाक्य, जसं आलं तसं. उजव्या पानावर तेच तुमच्या पॅकहाऊसमधला माणूस कसं बोलेल ते. ‘रन बरोबर अमुक’ अशी एकही ओळ त्या वहीत नको. महिन्याभरात तीसेक वाक्यं जमतील आणि त्यातली बरीचशी पुन्हा पुन्हा येतील, कारण तुमच्या धंद्यातले ‘रन’ मोजकेच आहेत.

त्या वहीत पहिलं वाक्य ‘द ग्रेप्स आर रनिंग स्मॉल धिस वीक’ हेच लिहा. समोर लिहा, ‘या आठवड्यात माल बारीक निघतोय.’ तुमचा मुकादम हेच म्हणेल. प्रत्येक घड बारीक आहे असं खरेदीदार म्हणत नाही, सरासरी मणी बारीक येतोय एवढंच सांगतोय. माल नाकारल्याचा एकही शब्द त्यात नाही, त्यामुळे उत्तराची सुरुवात माफीने करू नका. कोणत्या प्लॉटचा माल होता, मणी किती मिलिमीटर भरला आणि पुढच्या तोडणीत काय साईज येईल, एवढं तीन ओळींत कळवा.